नळ एकशे एकोणीसचा, मजुरी एकशे चोपन्नची

इथे जर्मनीत भाड्याचं घर मिळालं की बऱ्याचदा किचन म्हणून एक रिकामी खोली हातात येते. भिंतीतून पाण्याचे दोन पाइप बाहेर आलेले, एक ड्रेनेजचं तोंड, शेगडीच्या कनेक्शनचा डबा, संपलं. ओटा नाही, सिंक नाही, कपाटं नाहीत, छताला दिवेसुद्धा नाहीत, नुसत्या वायरी लोंबत असतात कारण आधीचा भाडेकरू आपला संसार अगदी होल्डरसकट उचलून नेतो. पहिल्या घरी आल्यावर आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर ती म्हणाली, अगं चोरी झालीय का तिथे?

गेल्या वर्षी आम्ही घर बदललं, श्टुटगार्टला लागून फेलबाख नावाचं गाव आहे तिथे आलो, आणि परत तेच सगळं. किचन विकत घेतलं, ते बसवून झालं आणि नळ मात्र मी वेगळा आणला, मानेतून ओढून बाहेर काढता येतो ना तसला, कारण मोठी पातेली धुवायला बरा पडतो. एका मोठ्या हार्डवेअरच्या दुकानातून, ११९ युरो. नवरा म्हणाला मी बसवतो. मी म्हटलं नको. प्लंबरचा टेर्मीन, म्हणजे अपॉइंटमेंट, तीन आठवड्यांनंतरचा मिळाला, तोवर भांडी बाथटबात घासली (हा विषय नको).

प्लंबर सकाळी साडेसातला दारात हजर. खोका बघितला आणि पहिलं वाक्य काय, तर "हा नळ तुम्ही आणलाय, मी नाही. माझ्या कामाची जबाबदारी माझी, नळाची नाही." बिलावर पण तसं लिहून दिलंन. तेव्हा मला ते फार तुसडं वाटलं होतं, आता वाटतं की माणूस एका वाक्यात सगळा कायदा सांगून गेला. बिल: यायचे ३५, एक तासाचे ८२, बारीकसारीक सामान १३, वर १९ टक्के टॅक्स, एकूण १५४ युरो ७० सेंट. म्हणजे नळापेक्षा नळ बसवणं महाग! आपल्याकडे उलटं असतं, वस्तू महाग आणि हात स्वस्त, त्यामुळे पुढे जे झालं त्याचा विचारच मी नाशकात असताना कधी केला नव्हता.

चार महिन्यांनी एका सकाळी सिंकखालच्या कपाटात हात घातला तर कांद्यांची टोपली ओली. आई म्हणाली वायसर गेला असेल. आम्ही सगळे जॉइंट टिश्यूने पुसून बघितले, जॉइंट कोरडे ठणठणीत, पाणी येत होतं थेट नळाच्या बॉडीला पडलेल्या केसासारख्या चिरेतून, आणि होजवरून ओघळत खाली. म्हणजे माल खराब, फिटिंग नाही. खालचे दोन्ही अँगल कॉक बंद केले, फोटो काढले, व्हिडिओ काढला, आणि भांडी परत बाथटबात.

दुकानात गेले. काउंटरवरचा मुलगा सभ्य होता, म्हणाला काढून घेऊन या, नवीन देतो. बरं, आणि काढायचे नि परत बसवायचे पैसे? त्यावर तो माझ्याकडे असा बघायला लागला की मी त्याच्याकडे घरभाडंच मागतेय. "ते आमच्याकडे नसतं. कंपनीची गारांटी आहे, कंपनीला लिहा."

मी लिहायला बसणारच होते पण जिन्यात शेजारच्या आजी भेटल्या. पंचाहत्तरीच्या, अस्सल श्वाबी, म्हणजे याच भागातल्या मूळच्या, यांच्या काटकसरीवर अख्ख्या जर्मनीत विनोद होतात. आजी म्हणाल्या, गारांटी हा शब्द त्या दुकानात परत काढू नकोस. गारांटी म्हणजे कंपनी आपल्या मर्जीने देते ती, तिच्या अटी ती ठरवणार. तू मागायचं ते गेवेअरलाइस्टुंग, ते कायद्याने येतं, दोन वर्षांचं असतं आणि ते देणं विकणाऱ्याला लागतं, कंपनीला नाही. तू पैसे कोणाला दिलेस? दुकानाला. मग दुकानाचा गळा धर. (गळा हा माझा शब्द, आजी जास्त नीट बोलल्या.)

नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकाने तर केसच सांगितली आणि ती निघाली आमच्या लाइनवरची! आमची एस-बान, म्हणजे लोकल, जिथे जाऊन संपते ते शोर्नडोर्फ, मोटारवाला डायमलर जन्मला ते गाव. तिथल्या कोर्टात एक बाई गेल्या होत्या, ऑनलाइन घेतलेला ३६७ युरोचा डिशवॉशर, घरी बसवला, मग कळलं खराब आहे आणि दुरुस्तही होणार नाही. दुकान म्हणे नवा दारात आणून देतो, बाकीचं तुमचं तुम्ही बघा. त्याच सुमाराला दुसरी केस एका माणसाच्या फरश्यांची, १३८२ युरोच्या पॉलिश केलेल्या फरश्या, दोन तृतीयांश बसवून झाल्यावर दिसलं की वर बारीक ओरखडे आहेत आणि ते निघत नाहीत. आणि त्या उखडून नवीन घालायचा खर्च किती, तर ५८३० युरो! चौपटीच्या वर. दोन्ही केसेस एकत्र लक्झेंबर्गच्या युरोपियन कोर्टात गेल्या आणि १६ जून २०११ ला निकाल लागला: खराब वस्तू ग्राहकाने चांगल्या मनाने, जशी बसवायची तशी बसवली असेल तर ती काढायचा आणि नवी बसवायचा खर्चही विकणाऱ्याचाच. आधी मूळ सौद्यात बसवून देणं ठरलं नसलं तरी. विचार केला तर बरोबरच आहे ना, माल पहिल्यांदाच चांगला असता तर हा दुसरा खर्च आलाच नसता.

मग मी पत्र लिहिलं. इथे पत्रावर सगळं चालतं, फोनवर हो म्हणालेला माणूस पत्रात ओळख देत नाही. खरेदीची तारीख, काय बिघडलं, मला काय हवं (नवा नळ, जुना काढायचा खर्च, नवा बसवायचा खर्च), चौदा दिवसांची मुदत, आणि रजिस्टर पोस्टाने. सोबत पावतीची कॉपी. पावतीवरून आठवलं, ती थर्मल कागदाची पावती वर्षभरात कोरी होते हो, घेतल्या घेतल्या फोटो काढून ठेवा, आमची निम्मी पुसट झालीच होती.

नवव्या दिवशी उत्तर आलं. त्यात एक प्रश्न, सिंकखाली छोटा बॉयलर आहे का? प्रश्न बावळट नाही. इथे जुन्या घरांत पाच लिटरचा बिनप्रेशरचा बॉयलर सिंकखाली असतो आणि त्याला तीन होजवाला वेगळा नळ लागतो, साधा लावला तर बॉयलर फुटू शकतो. तसं असतं तर चूक माझी ठरली असती. पण आमच्याकडे गरम पाणी तळघरातून येतं. शिवाय मला तेव्हा कळलेली सगळ्यात कामाची गोष्ट ही की खरेदीपासून पहिल्या वर्षात दोष निघाला तर तो आधीपासूनच होता असं धरतात, नव्हता हे सिद्ध करायचं दुकानाने. पूर्वी हे सहा महिनेच होतं, २०२२ पासूनच्या खरेदीला वर्ष झालं.

मधे एक घोडचूक होता होता राहिली. भांडी बाथटबात घासून कंटाळून नवरा म्हणाला, मरू दे, दुसरा नळ आणू, प्लंबर बोलवू, बिल नंतर पाठवू दुकानाला. आजींनी अडवलं. दुकानाला आधी दोष दूर करायची संधी द्यायची, ती न देता परस्पर काम उरकलं तर मग पैसे विसरा.

दुकानाने नळ बदलून दिला, मजुरीचं बिल पाठवा म्हणाले. प्लंबर तोच. जुना नळ हातात घेऊन चीर बघितलीन आणि पहिल्यांदाच हसला. म्हणाला, तुमचं बरंय, आमची हालत विचारा. तो होलसेलवाल्याकडून माल घेऊन लावायचा, माल खराब निघाला की गिऱ्हाइकाकडे जाऊन फुकट परत करून द्यायचं आणि होलसेलवाला फक्त नवीन खोका हातात ठेवायचा, कारण कोर्टाच्या त्या निकालाचा फायदा साध्या ग्राहकाला, धंदेवाल्याला नाही. १ जानेवारी २०१८ ला जर्मनीने कायदाच बदलला तेव्हापासून तोही वरच्याकडे मागू शकतो. आणि म्हणूनच गिऱ्हाइकाने आणलेला नळ त्याला आवडत नाही, त्याच्याकडूनच घेतला असता तर नळ आणि काम दोन्हीला जबाबदार एकच माणूस, मला पत्रंबित्रं लिहावीच लागली नसती. महाग पडला असता थोडा, पण खरंच.

पैसे आले, तीन आठवड्यांनी, पूर्ण. कपाटाची पाण्याने फुगलेली फळी मात्र आमच्याच गळ्यात राहिली. त्यासाठी दुकानाची स्वतःची चूक असावी लागते, आणि त्यांनी तर बंद खोका विकला होता. फळी अजून तशीच आहे, दार लावताना घासतं.

हे सगळं धाकट्या भावाला फोनवर रंगवून सांगत होते तर तो म्हणाला, ताई, माझ्या फ्लॅटचं सांगू का? ताबा घेऊन सात महिने, बिल्डरने दिलेला फ्लशचा टँक गळतोय, साइटवरचा माणूस म्हणतो पार्ट कंपनीकडून मागवतो, प्लंबरचा चार्ज तुमचा. आणि हा देऊन मोकळा होणार होता, सातशे रुपयेच तर आहेत म्हणे! मी म्हटलं थांब. रेरा कायद्यात, म्हणजे आपल्याकडच्या बिल्डरांसाठीच्या कायद्यात आहे, ताब्यापासून पाच वर्षांत कामाच्या दर्जात काही दोष निघाला आणि तू कळवलंस की बिल्डरने तीस दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा. ई-मेल कर, तारीख घाल, फोटो जोड.

"ताई, तू पार जर्मन झालीस."

पण केलान ई-मेल. आज अकरावा दिवस आहे, टँकखाली बादली लावलीय.