पाणी गेलं कुठे? आमची वाटचाल

आमच्याकडे रिग नाही, विहिरीत तारेने उपकरणं सोडणारं वायरलाइन युनिट नाही, भाड्याने द्यायला पंपही नाही. तेलक्षेत्रात ज्या विहिरींतून पाणी आत ढकलतात, त्यांच्या दाबाच्या नोंदी वाचायच्या आणि खाली खडकाला भेग पडली आहे का, पडली असेल तर साधारण किती लांब, हे सांगायचं. एवढाच धंदा. "नुसते आलेख बघायचे पैसे?" असं तोंडावर विचारणारे सुरुवातीला बरेच भेटले. अजूनही भेटतात, पण कमी.

मी आणि माझा भागीदार, दोघंही आधी नोकरीत. मी उत्पादनाच्या बाजूला, तो इंजेक्शनच्या. माझ्याकडे तक्रार यायची की अमुक विहिरीत तेलापेक्षा पाणीच जास्त येतंय, वॉटर कट एकदम चढलाय. त्याच सुमारास त्याच्याकडे आनंदीआनंद असायचा, कारण शेजारचा इंजेक्टर, म्हणजे पाणी आत ढकलणारी विहीर, त्याच दाबाला जास्त पाणी घ्यायला लागलेला. दोन विभाग, दोन अहवाल आणि दोन्ही एका टेबलावर कधी यायचे नाहीत. कंपनी काढायची कल्पना तिथली.

पाणी सोडतात ते साठ्यातला दाब टिकावा आणि तेल उत्पादन विहिरींकडे सरकावं म्हणून. पण त्या पाण्यात तेलाचे थेंब असतात, बारीक गाळ असतो. खडकाची छिद्रं हळूहळू बुजतात. ठरलेलं पाणी आत गेलंच पाहिजे म्हणून दाब वाढवला जातो. शिवाय पाणी थंड असतं. तापलेला खडक निवला की आकसतो आणि त्याला दाबून धरणारा ताण उतरतो. कठीण वालुकाश्मात एका अंशामागे अर्धा ते एक बार (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाइतका), असा ढोबळ हिशोब. म्हणजे खडक चाळीस अंशांनी निवला तर वीस ते चाळीस बार गेले! विहीर सुरू करताना स्टेप रेट टेस्ट करून, म्हणजे पाण्याचा दर टप्प्याटप्प्याने वाढवून, खडक फुटण्याचा जो दाब काढला, तो पुढे लागू पडत नाही तो यामुळे. तरी कंट्रोल रूमच्या फळ्यावर तोच जुना आकडा वर्षानुवर्षं मर्यादा म्हणून लिहिलेला असतो. यावरून आमचे जितके वाद झालेत तितके पैशांवरूनही झाले नसतील.

पहिली कामं मिळाली ती हॉल प्लॉटची. पद्धत 1963 पासूनची, खर्च जवळजवळ शून्य: एका अक्षावर एकूण पाणी, दुसऱ्यावर दाब आणि काळ यांच्या गुणाकाराची बेरीज. रेघ वर वळली तर विहीर बुजतेय, खाली वाकली तर पाण्याला नवी वाट मिळालीय. ती वाट भेगेचीच असेल असं मात्र नाही. केसिंगमागचं, म्हणजे विहिरीतल्या पोलादी नळामागचं, सिमेंट निकामी होऊन पाणी भलत्याच थरात जात असलं तरी रेघ अशीच वाकते. तापमानाचा लॉग, म्हणजे विहिरीत खोलीनुसार तापमानाची नोंद, घेतल्याशिवाय यावर पैज लावू नये.

आमचं खरं नाव झालं ते फॉलऑफ टेस्टमुळे. इंजेक्शन थांबवायचं, व्हॉल्व्ह झटकन बंद करायचा आणि दाब कसा उतरतो ते बघायचं. सगळी गंमत पहिल्या काही मिनिटांत असते आणि नेमकी तीच मिनिटं गिऱ्हाइकाच्या नोंदींत नसायची, कारण यंत्रणा तासाची सरासरी साठवत होती. सेकंदाला एक नोंद हवी, एवढ्यासाठी आम्ही पत्रांवर पत्रं लिहिली आहेत.

ते का, ते आकड्यांत सांगतो. विहिरीत दहा घनमीटर पाणी आहे असं धरा. पाणी फारसं दबत नाही, त्यामुळे दाब एक बारने उतरायला त्यातलं जेमतेम अर्धा लिटर खडकात जावं लागतं. चाचणीत हाच आकडा कित्येक पट मोठा निघाला, तर ते जादा पाणी कुठून येतंय? मिटत चाललेल्या भेगेतून. फुगवलेली पिशवी तोंड सोडल्यावर बसत जाते, तशी भेग आपल्यातलं पाणी सोडत बंद होत असते. फक्त एक बघावं लागतं. वेलहेडचा, म्हणजे विहिरीच्या वरच्या तोंडाचा, दाब शून्यावर आला की विहिरीतली पाण्याची पातळीच खाली सरकू लागते आणि तेव्हाही हा आकडा शंभरेक पटींनी उडी मारतो. म्हणून आम्ही विहिरीच्या तळाशी बसवलेल्या गेजची, म्हणजे दाबमापकाची, नोंद मागतो आणि वरचा दाब शून्याला कधी टेकला ती वेळ आधी तपासतो. या एका तपासणीने आमच्या हातून काही "सुंदर" भेगा रद्द झाल्या आहेत.

निदान सोपं, गळी उतरवणं अवघड. भेग दिसली की घाबरायचं, असं आमचं म्हणणं कधीच नव्हतं. ती इंजेक्टरच्या रांगेच्या दिशेने धावत असेल तर बरीच कामाची. पाणी सहज जातं आणि तेल आडवं ढकललं जातं. ती उत्पादन विहिरीकडे निघाली असेल, तर मात्र पाणी तेलाला बगल देऊन थेट पलीकडे पोचतं. तिथे आम्ही इंजेक्शनचा दर कमी करा म्हणतो, आणि महिन्याचं पाण्याचं उद्दिष्ट ज्याच्या डोक्यावर आहे त्याला हे ऐकवत नाही. दिशेबद्दल शंका असेल तर ट्रेसर, म्हणजे पाण्याचा माग लागावा म्हणून मिसळायचा पदार्थ, सोडून बघा, असं आम्हीच सुचवतो. ते काम दुसऱ्यांना मिळतं, मिळू दे.

आता अहवालात भेगेच्या लांबीचा एकच आकडा देत नाही, पल्ला देतो. आणि विहीर बंद करून बघायची तयारी नसेल, तर ते काम घेत नाही.