आमची वाटचाल: रिंगा चॅनलवरच बसणार

उद्यमबागमध्ये आमचं शेड आहे, मिनी ट्रॅक्टर आणि पॉवर टिलर न्यायचे लो-बेड ट्रेलर आम्ही बनवतो, हे बेळगाव-खानापूर-चंदगडकडच्या लोकांना नव्यानं सांगायला नको. २००९ ला भाड्याच्या जागेत सुरू केलं, एक आर्क वेल्डिंग मशीन, एक कटर, मी आणि धाकटा भाऊ. पुढं कामं येत गेली, सीओटू वेल्डिंग मशीन आलं, पोरं वाढली, ते सगळं लिहीत बसत नाही. लिहायचंय ते वेगळंच आहे, कारण अजून निपाणीकडनं कुणाचा फोन आला की हटकून विचारतात, "वंटमुरी घाटात ट्रॅक्टर पडला तो तुमचाच ट्रेलर काय ओ?" नाही. तो आमचा नव्हता.

पहिल्यापासनं आमचा नियम एकच, ट्रॅक्टर बांधायच्या रिंगा नसलेला ट्रेलर शेडमधनं बाहेर जात नाही. चार कोपऱ्यांत चार डी-रिंगा (इंग्रजी D च्या आकाराच्या), आणि त्यासुद्धा चेकर प्लेटवर, म्हणजे वरच्या पत्र्यावर नाही, खालच्या चॅनलवर, म्हणजे सांगाड्याच्या लोखंडावर. प्लेटला नुसती रिंग चिकटवली तर एका जोराच्या ब्रेकला प्लेट कागदासारखी फाटून रिंग हातात येते. म्हणून आम्ही प्लेटला खाच पाडतो, रिंगचा पट्टा थेट चॅनलवर बसवतो आणि ७०१८ नंबरच्या वेल्डिंग रॉडनं दोन्ही बाजूंनी वेल्डिंगचा रन मारतो, आणि रॉड आधी ओव्हनमध्ये तापवतो कारण आपल्या पावसात रॉड ओल धरतो, ओल्या रॉडचा रन वरनं देखणा दिसतो पण आतनं चिरतो. शेवटी चॅनलवर आमचा नंबर पंच. हा नंबर पुढं कामाला आला.

आमच्याच शेडमध्ये काम शिकलेल्या एकानं बाहेर पडून स्वतःचं दुकान काढलं. काढू दे, कष्टानं पोट भरायला कुणाची ना नाही. पण रंग आमचाच निळा, मापं आमचीच, आणि रिंगांच्या जागी कडेला वाकवलेल्या सळीचे हूक. साहजिकच दर आमच्यापेक्षा कमी. गिऱ्हाईक येऊन मलाच ऐकवायचं, "तो एवढ्यात देतोय, तुमचं काय सोन्याचं हाय काय?" भाऊसुद्धा म्हणाला की रिंगा वेगळ्या चार्ज करू, ज्याला पाहिजे तो घेईल. मी ऐकलं नाही, आणि आजही ऐकणार नाही.

२०१९ च्या पावसाळ्यात त्याचा ट्रेलर घाटात गेला. ट्रॅक्टर नायलॉनच्या दोरानं बॉनेटवरनं बांधलेला, मागचा रोटर (रोटाव्हेटर) हायड्रोलिकवर वर उचललेला तसाच, ओला दोर ताणला, ट्रॅक्टर सरकला आणि आडवा झाला. माणूस वाचला, हात मोडला. संध्याकाळपर्यंत निळ्या ट्रेलरचा फोटो सगळ्या ग्रुपवर, आणि खाली आमच्या शेडचं नाव. कुणी टाकलं ते मला माहीत आहे, इथं लिहीत नाही. दोन डीलरांनी ऑर्डर थांबवल्या. ऑगस्टमध्ये यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी हायवेवर आलं, कोल्हापूरकडनं येणारा माल अडकला, बँकेच्या सीसी (कॅश क्रेडिट) कर्जाचा हप्ता तुंबला, पोरांचे पगार भावाच्या बायकोचे दागिने ठेवून केले. जरा सावरतोय तोवर मार्च २०२० ला लॉकडाऊन, शिनोळीपासनं कोगनोळीपर्यंत सीमेवरचे नाके बंद, अर्धं गिऱ्हाईक पलीकडं महाराष्ट्रात.

त्या काळात एक माणूस उभा राहिला, चंदगड तालुक्यातले आमचे मामा. नात्यातले नाहीत, पण सगळं शेड त्यांना मामाच म्हणतं. रताळ्याच्या रानात, काजूच्या बागेत मिनी ट्रॅक्टर भाड्यानं लावतात, त्यामुळं आज या गावात उद्या त्या गावात, ट्रेलर कायम रोडवर. घाटातला ट्रेलर जिथं आणून लावला होता तिथं मामा आपणहून गेले, धोतराच्या सोग्यानं चॅनलवरचा चिखल पुसला, नंबर नाही, रिंग नाही, त्याचा व्हिडिओ काढून त्याच सगळ्या ग्रुपवर टाकला. आणि लॉकडाऊनमध्ये नव्या ट्रेलरचे पैसे पाठवले, म्हणाले, "पैसं अगुदर घे, ट्रेलर जमंल तवा दे." ज्यांनी फोटो फॉरवर्ड केला त्यातल्या एकानंही नंतर चूक झाली असं म्हटलेलं नाही. डीलर परत आले, गप आले.

आता मामा बांधतात कसं ते सांगतो, कारण ट्रेलर आमचा असला तरी बांधणारे तुम्ही. ट्रॅक्टर तोंड पुढं करून चढवायचा आणि दोन चाकी ट्रेलर असला तर एवढा पुढं घ्यायचा की एकूण वजनाचा दहा-पंधरा टक्के भार ओढणाऱ्या गाडीच्या हूकवर येईल. मागं रोटर आहे हे विसरू नका, तो वजन मागं खेचतो, हूक हलका पडला की उतारावर ट्रेलर लहरायला लागतो आणि मग ओढणारा पिकअप असो की मोठा ट्रॅक्टर, आवरत नाही. इंजिन बंद, लो गिअर, हँडब्रेक, आणि रोटर खाली फळीवर टेकवलेला. मग ट्रॅक्टरच्या पुढच्या एक्सलच्या ब्रॅकेटला दोन बेल्ट आणि मागच्या हूकच्या ब्रॅकेटला दोन, चारही बांधण्या खाली आणि एकमेकांच्या उलट दिशेला ओढणाऱ्या. स्टिअरिंगचा रॉड, बॉनेट, ब्रेकचा पाइप यांना हात लावायचा नाही. रोटरला पाचवा बेल्ट वेगळा. टायर किंचित दबेपर्यंत आवळायचं, नाहीतर खड्ड्यात टायर दबला की बेल्ट सैल.

बेल्टवर ५ टन छापलंय म्हणून निर्धास्त राहू नका, तो बहुतेक वेळा तुटायचा आकडा असतो. आम्ही तिसरा हिस्साच धरतो. ईएन १२१९५ हे माल बांधण्याचं युरोपचं मानक जोराच्या ब्रेकला वजनाच्या ८० टक्के जोर पुढं धरतं, बाजूला आणि मागं ५० टक्के. म्हणजे ७०० किलोचा ट्रॅक्टर आणि २०० चा रोटर असला तर पुढं ७२० किलोचा धक्का, तो दोरावर सोडायचा का ते तुम्हीच ठरवा. बेल्टला गाठ मारू नका, ताकद निम्म्यावर येते. पत्र्याच्या धारेवरनं जात असेल तर खाली जुन्या होज पाइपचा तुकडा घाला. आणि निघाल्यावर पाच-सात किलोमीटरवर थांबून परत आवळा, मामा पावसात छत्री धरून आवळतात, तुम्हाला काय होतंय?

मागच्या दिवाळीआधी त्या बाहेर पडलेल्या पोराच्या दुकानाचाच एक निळा ट्रेलर आमच्याकडं आला, मालक म्हणाला हूक वाकलेत. आम्ही हूक कापले, चॅनलवर चार रिंगा बसवून दिल्या, पैसे पुरे घेतले. नंबर पंच केला नाही, तो आमच्या ट्रेलरलाच. तर ट्रेलर केए-२२ (बेळगाव) चा असू दे नाहीतर एमएच-०९ (कोल्हापूर) चा, कुणीही बनवलेला असू दे, रिंगा बसवून मिळतील, अर्ध्या दिवसाचं काम आहे. फक्त येताना खालनं धुऊन आणा, चिखलावर वेल्डिंग होत नाही.