मिरच्या काळ्या झाल्या त्या संध्याकाळी

उन्हाळ्याच्या सुट्टीत भाचे मंडळी अंबाजोगाईजवळच्या आमच्या गावी आली होती. धाकट्या भाचीने रात्रीचे चित्र काढायला घेतले आणि काळा खडू घासून घासून संपवला. कागद पुरता काळा झाला, आणि त्यात काढलेले घर नि बैल तिचे तिलाच सापडेनात. "मामा, रात्र काळीच असते ना, मग असं का झालं?" असे तिने रडवेल्या आवाजात विचारले. तिला जे सांगितले ते इतर मुलांनाही वाचता यावे, म्हणून इथे लिहितो आहे.

मुलांनो, आम्ही आधी माळवदावर गेलो. तिथे जुन्या पांढऱ्या धोतरावर आईने लाल मिरच्या वाळत घातल्या होत्या आणि शेजारी कडुलिंबाची फांदी टेकलेली होती. दिवस मावळला तेव्हा मिरच्या लालभडक होत्या. पण जसजसे अंधारत गेले, तसतशा त्या आधी तपकिरी आणि मग चक्क काळ्या दिसू लागल्या. लिंबाचा पाला मात्र अजून ओळखू येत होता, आणि धोतर निळसर भासत होते. आपल्या डोळ्यांत दोन प्रकारच्या पेशी असतात. एक प्रकार भरपूर उजेडात रंग ओळखतो. दुसरा मंद उजेडात काम करतो, पण त्याला लाल प्रकाश जवळजवळ जाणवतच नाही, निळा-हिरवा मात्र चांगला जाणवतो. अंधारताना लाल आधी काळवंडतो आणि निळा मागे उरतो, हे पुर्किन्ये नावाच्या शास्त्रज्ञाने सुमारे २०० वर्षांपूर्वी टिपून ठेवले. म्हणूनच चांदणे रंगवताना चित्रकार लाल रंग आवरता घेतात, आणि अंधारासाठी निळा, जांभळा, गर्द हिरवा यांची मिसळण करतात.

व्हिन्सेंट व्हॅन गॉग या डच चित्रकाराने तर सप्टेंबर १८८८ मध्ये बहिणीला लिहिलेल्या पत्रात, रात्र दिवसापेक्षाही अधिक रंगांनी भरलेली वाटते, असे म्हटले आहे. पुढच्या वर्षी, जून १८८९ मध्ये, फ्रान्समधल्या सँ-रेमी येथे मानसिक आजारावर उपचार घेत असताना त्याने ताऱ्यांनी भरलेल्या रात्रीचे ते जगप्रसिद्ध चित्र रंगवले. खिडकीतून आकाश पाहायचे आणि आठवणीतून दिवसाउजेडी रंगवायचे, असे ते काम झाले. त्या चित्रातला एखादा तारा निरखून पाहा. तो नुसता ठिपका नाही. त्याच्याभोवती पिवळ्या-पांढऱ्या फटकाऱ्यांची कडी आहेत, आणि निळ्याशेजारी पिवळा आल्यामुळेच ती उजळलेली वाटतात.

आपल्याकडच्या जुन्या लघुचित्रांतली रीत निराळीच आहे. आकाश गडद, त्यात चंद्र आणि कुठे समई किंवा मशाल. पण माणसे भर दुपारी दिसावीत इतकी स्वच्छ. मला ही रीत फार आवडते, कारण ज्यांची गोष्ट सांगायची ती माणसे चित्रकाराने अंधाराच्या हाती दिलेली नाहीत.

दिव्याच्या उजेडाचे गणित मात्र वेगळे असते, आणि ते चित्रकार सावळाराम हळदणकरांच्या दिवा घेतलेल्या स्त्रीच्या चित्रात शिकावे. हे जलरंगातले चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. तिने ज्योतीपुढे आडवा हात धरला आहे, आणि बोटांच्या फटींतून तांबूस उजेड पाझरतो. जलरंगात उजळ जागी कागदाचा शुभ्रपणाच राखून ठेवावा लागतो. म्हणजे अंधार भरण्याआधी उजेड कुठे असेल हे ठरवायला हवे. भाचीचे नेमके इथेच चुकले होते.

दुसऱ्या दिवशी तिने कागदाच्या कोपऱ्यात कंदिलापुरती जागा कोरी सोडली आणि बाकीचा कागद निळ्या-जांभळ्याने भरला. मग ती बैलापाशी अडली, कारण आमचा बैल लाल कंधारी जातीचा, तांबडा. बराच वेळ विचार करून तिने बैलाचे तोंड आणि वशिंड कंदिलाच्या बाजूला तांबडे रंगवले, आणि मागचे अंग मिरच्यांसारखे काळे केले.