नांदूर मधमेश्वर: आधी पाणी बघा, मग तारीख ठरवा

नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मधमेश्वर पक्षी अभयारण्यात कधी जावं असं कुणी विचारलं, की मी महिना नंतर सांगतो. आधी बंधाऱ्यात पाणी किती आहे याची चौकशी करायला सांगतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा हंगाम ठरलेलाच आहे, पण त्यात काय दिसेल ते पाटाच्या पाण्यावर ठरतं. हे अभयारण्य पक्ष्यांसाठी कुणी बांधलेलं नाही. निफाड तालुक्यात गोदावरी-कादवा संगमापाशी ब्रिटिश काळात सिंचनासाठी बंधारा झाला, त्यात गाळ साचत गेला, पाणी उथळ झालं, बेटं वर आली, लव्हाळं माजलं. शेतीच्या हिशेबात हा तोटाच, बदकांची मात्र चंगळ! १९८६ साली अभयारण्य जाहीर झालं आणि २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून नाव लागलं.

पाण्याचं गणित असं. वरच्या गंगापूर, दारणा धरणांतून सोडलेलं पाणी इथे येतं आणि इथून कालव्यांत जातं. बंधारा भरलेला असला की बदकं लांब, मधोमध बसतात. पाणी उतरलं की काठाचा चिखल उघडा पडतो आणि शेकाटे, तुतवार, शराटी असे चिखलातले पक्षी अगदी जवळ चरायला येतात. म्हणून निघण्याआधी स्थानिक गाइडला फोन करून ‘आवर्तन सुटलंय का?’ म्हणजे कालव्याला पाणी सोडलंय का, एवढं विचाराच. रोहित पक्ष्यांसाठी (फ्लेमिंगो) म्हणून मुद्दाम जाऊ नका; ते आले तर आले.

आम्ही जानेवारीत गेलो. नाशिकहून चांदोरी-सायखेडामार्गे चापडगाव, म्हणजे पक्षी बघायला जिथे जातात ते गाव, साधारण ४० किलोमीटर. पहाटे एसटीच्या भरवशावर राहू नका, स्वतःची गाडी हवी. निफाडची थंडी पेपरात वाचतो तेवढीच खरी असते. कानटोपी आणि हातमोजे घ्या, गारठलेल्या बोटांनी दुर्बिणीचं चाक फिरत नाही. वाटेत दोन्ही बाजूंना ऊस आहे आणि या भागात बिबट्या आहे, तेव्हा अंधारात गाडीतून उतरून फेरफटका मारायची हौस नको.

पोचलो तेव्हा धुकं इतकं दाट, की पक्षी बघायच्या मनोऱ्यावरून पाणी कुठे सुरू होतं तेही कळेना. नुसते आवाज. शेजारचा एक ग्रुप वैतागून चहाला निघून गेला. असं करू नका. साडेआठच्या सुमारास धुकं विरलं आणि समोर थापट्या बदकांचा थवा गोल गोल फिरताना दिसला: एकमेकांच्या मागे, फावड्यासारखी चोच पाण्यात खुपसून. पुढच्याच्या पायांनी ढवळलेलं खाणं मागचा गाळून घेतो. पलीकडे चक्रवाक, तलवार बदकं, हळदीकुंकू बदकं, आणि चमच्यासारख्या चोचीचे चमचे पक्षी. मग दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी आला. लव्हाळ्यावरून कमी उंचीवर तरंगत गेला आणि विखुरलेले वारकरी (काळे पाणपक्षी) क्षणात एकमेकांना चिकटून काळा गठ्ठा झाले, पाणी उडवत. एकटा पडलेला शोधून उचलायचा हा त्याचा डाव. त्या दिवशी तो रिकामाच गेला.

दुर्बीण ८×४२ (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) पुरते, पण खरी मजा स्पॉटिंग स्कोपची, म्हणजे तिपाईवरच्या मोठ्या दुर्बिणीची. गाइडकडे तो असतो, तेव्हा गाइड जरूर घ्या. पैसे वाचवायचे असतील तर दुसरीकडे वाचवा. नवख्याला सगळी लांबची बदकं तपकिरीच दिसतात, आणि गाइड शेपटीवरून, पोहण्याच्या ढबीवरून ओळख पटवतो. त्यातले बरेच जण आसपासच्या गावांतले आहेत, म्हणजे तो पैसा तिथेच राहतो.

चापडगावला गर्दी झाली, विशेषतः रविवारी, तर निफाडच्या बाजूने खाणगाव थडीला जा. बंधारा तिथेच आहे. नदीसुरय आणि खंड्या तिकडे चांगले मिळतात. कपडे मातकट रंगाचे घाला. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला बाहेर काढणारे हल्ली सर्रास भेटतात. त्यांना सरळ टोका. ड्रोन परवानगीशिवाय चालत नाही. फोटोसाठी चिखलात उतरू नका, वरून कोरडा वाटणारा गाळ गुडघ्यापर्यंत ओढतो.

दहा-साडेदहानंतर ऊन चढतं, पाण्यावरची हवा थरथरायला लागते आणि स्कोपमधून काहीच नीट दिसत नाही. तेव्हा आवरतं घ्या, खायचं जवळ ठेवा, आणि वेळ असेल तर दुपारी चारनंतर पुन्हा या. बदकं संध्याकाळी चरायला शेतांकडे निघतात, ती डोक्यावरूनच जातात.