तिकिटाची पाठ बघून ठरवा

टपाल तिकीट अल्बममध्ये कशाने लावायचं, हे त्याची पाठ बघून ठरवावं. शिक्का पडलेलं, भिजवून डिंक काढलेलं तिकीट असेल तर साधं हिंज, म्हणजे बाहेरून डिंक लावलेली, एक भाग आखूड आणि एक लांब राहील अशी दुमडलेली पातळ कागदी पट्टी, पुरतं, आणि त्याहून स्वस्त काही नाही. पाठीवर मूळ डिंक शाबूत असेल तर मात्र हिंज नको. त्याची खूण राहते आणि तिकिटाची किंमत उतरते.

हिंज बिघडतं ते जास्त पाण्यामुळे. आखूड भाग ओल्या स्पंजला जेमतेम टेकवा. घडी वर ठेवून, वरच्या दातेरी कडेच्या किंचित खाली तो तिकिटाला चिकटवा. मग लांब भागाचं फक्त खालचं टोक ओलं करून पानावर दाबा. चिमट्याने उचललं की तिकीट झडपेसारखं वर झालं पाहिजे. वाकडं लागलं तरी लगेच ओढू नका, ओल्या कागदाचा पापुद्रा निघतो आणि तिकीट तिथे कायमचं पातळ होतं. तासभर वाळू द्या, मग हिंज अलगद सुटतं.

कोऱ्या तिकिटांना पारदर्शक माउंट, म्हणजे तिकीट आत सरकवायचे प्लास्टिकचे खिसे, हवेत. तयार मापाच्या माउंटपेक्षा लांब पट्ट्या घेऊन कापणं परवडतं. 30 मिमी उंच, 40 मिमी रुंद तिकिटाला 32 मिमीच्या पट्टीचा 44 मिमी तुकडा काढा. घट्ट माउंटमध्ये दाते वाकतात. कात्रीने कड तिरकी जाते, म्हणून फूटपट्टी लावून धारदार कटरने कापा. चिकटवताना माउंटच्या पाठीवर वरच्या कडेलगत ओलसर रेघ ओढली की झालं. पाणी आत शिरलं तर तिकिटाचा डिंकच माउंटला चिकटतो.

तिकीट लावलेली अख्खी पाकिटं ठेवायला घरी केलेले कागदी कोपरे उत्तम. आम्लरहित कागदाची 24 बाय 12 मिमी पट्टी घ्या, वरच्या लांब कडेचा मध्य धरून दोन्ही टोकं खाली दुमडा. त्रिकोणी खिसा तयार होतो. दुमडलेली बाजू पानाला चिकटवा, पाकिटाला गोंद लागतच नाही.

सेलोटेप आणि पीव्हीसीचे फोटो अल्बम कितीही स्वस्त मिळोत, वापरू नका. टेपचा चिकट थर कागदात मुरून पिवळा पडतो, पीव्हीसीतून निघणारा तेलकट अंश शाई ओढतो. ही नासाडी भरून येत नाही.

स्वयंचिकट तिकिटं बऱ्याचदा पाण्यात सुटत नाहीत. ती पाकिटाच्या कागदासकट, चहूबाजूंनी 3 मिमी सोडून कापा आणि त्या कागदालाच हिंज लावा.