लीन केलं की इंजिन थरथरतं, पण दोष लीनचा नसतो

फ्लाइंग क्लबमध्ये शिकलेल्या जवळपास प्रत्येकाच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसलेली असते, मिक्श्चरचा लाल नॉब जास्त मागे ओढला, म्हणजे पेट्रोल कमी करून मिक्श्चर लीन (पातळ) केलं, की इंजिन जळतं, व्हॉल्व्ह जातात, पिस्टनला भोक पडतं वगैरे वगैरे. मी एएमई, म्हणजे विमानांची मेंटेनन्स इंजिनिअर आहे, पिस्टन इंजिनांचंच काम करते, त्यामुळे हे ऐकून ऐकून कान किटलेत, म्हणून एकदाच काय ते लिहून टाकते.

हवा आणि पेट्रोल वजनाने साधारण १४.७ ला १ असलं की दोन्ही पुरेपूर जळतात आणि एक्झॉस्टचं तापमान, म्हणजे आपला ईजीटी, तिथेच आसपास पीकला जातो. सगळ्यात जास्त ताकद तिथे मिळत नाही, ती रिच, म्हणजे जास्त पेट्रोलच्या बाजूला, १२.५ ला १ च्या आसपास. आणि सिलिंडर हेड सगळ्यात जास्त कुठे तापतं माहितीये? पीकच्या रिच बाजूला ४०-५० डिग्री फॅरनहाइटवर! पीक ओलांडून लीन बाजूला गेलात की ईजीटी उतरतो, सीएचटी (सिलिंडर हेडचं तापमान) पण मस्त उतरतो, आणि पातळ मिक्श्चर हळू जळतं त्यामुळे सिलिंडरमधल्या प्रेशरचा दणकाही कमी होतो. म्हणजे ज्या बाजूची भीती घालतात तीच बाजू थंड निघाली, आणि "सेफ" म्हणून लोक जिथे जाऊन बसतात ती सगळ्यात गरम. अर्थात पॉवर ६५ टक्के किंवा खाली असेल तर मिक्श्चर कुठेही ठेवा, सहसा फारसं बिघडत नाही, प्रश्न येतो तो त्याच्या वर.

आणि हे काही नवीन खूळ नाही. ८ जून १९४८ ला एअर इंडिया इंटरनॅशनलचं मलबार प्रिन्सेस मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला गेलं ते कॉन्स्टेलेशन होतं, राइट कंपनीची चार इंजिनं, एकेकाला १८ सिलिंडर. पुढे याच घराण्यातली टर्बो-कंपाउंड (एक्झॉस्टमधली ताकदही शाफ्टला परत देणारी) इंजिनं जगभरातल्या एअरलाइन्स लांबच्या पल्ल्यावर पीकच्या लीन बाजूलाच चालवायच्या, फ्लाइट इंजिनिअर टॉर्कच्या मीटरकडे बघत मिक्श्चर खेचायचा. तेव्हाच्या लोकांना जमलं ते आपल्याला चार सिलिंडरात जमू नये?

आता खरा मुद्दा. माझा भाचा पार्ल्याचा, सध्या बाहेरगावी ट्रेनिंगला आहे, सुट्टीला आला की आधी जेवतो मग इंजिनाबद्दल विचारतो. परवा म्हणाला, "अगं मावशी, तू म्हणतेस थंड असतं, पण मी लीन करतो तर सगळं पॅनल थरथरायला लागतं, इन्स्ट्रक्टर लगेच ओरडतो." थरथरतं हे खरंच आहे रे बाबा, पण का थरथरतं ते बघ. सिलिंडर चार, आणि प्रत्येकाला पेट्रोल अगदी सारखं मिळत नाही. रिच बाजूला असताना ते कळतच नाही, कारण तिथे पेट्रोल थोडं कमीजास्त झालं तरी ताकद जवळपास तेवढीच राहते. लीन बाजूला ताकद पेट्रोलच्या मापानेच चालते, पेट्रोल घटलं की ताकद घटलीच. मग एक सिलिंडर पीकवर, दुसरा पार पुढे जाऊन विझायच्या बेतात, असं झालं की पालखीचा एक भोई वाकल्यावर पालखीचं जे होतं तेच क्रँकशाफ्टचं होतं. म्हणजे इंजिनाला लीन सोसत नाही असं नाहीये, चौघांचं आपसात जमत नाहीये.

हे मोजता येतं, आणि मोजायलाच पाहिजे. क्रूझला, म्हणजे एका उंचीवर सरळ उडताना, ६५ टक्क्यांच्या आत, मिक्श्चर अगदी सावकाश मागे घ्यायचं आणि प्रत्येक सिलिंडरचा ईजीटी कुठल्या फ्युएल फ्लोला (ताशी किती गॅलन पेट्रोल जातं त्याला) पीक होतो ते लिहायचं. पहिला पीक झाला तेव्हाचा फ्लो वजा शेवटचा पीक झाला तेव्हाचा, याला स्प्रेड म्हणतात. अमेरिकेतल्या ओक्लाहोमाच्या गॅमी कंपनीने ही टेस्ट लोकप्रिय केली, नॉझल (प्रत्येक सिलिंडरला पेट्रोल फवारणारी तोटी) जुळवून देण्याचा त्यांचा धंदाच आहे. स्प्रेड ताशी अर्धा गॅलन किंवा कमी असेल तर इंजिन लीनवर लोण्यासारखं चालतं. समजा तिसरा ८.९ ला पीक झाला आणि बाकीचे ८.२ च्या आसपास, तर तिसरा सगळ्यात लीन आहे, चोर सापडला. आता चोर नॉझलमध्ये आहे की इनटेकच्या गळतीत? टेस्ट दोनदा करा, एकदा थ्रॉटल पूर्ण उघडून, एकदा मॅनिफोल्ड प्रेशर (इंजिनात शिरणाऱ्या हवेचं प्रेशर) बरंच खाली आणून. कमी प्रेशरला फरक वाढला तर बाहेरची हवा आत शिरतीये, गॅस्केट किंवा रबरी होज बघा. दोन्हीकडे तसाच राहिला तर नॉझलवर संशय.

नॉझलची खातरजमा करायची माझी आवडती पद्धत म्हणजे बाटल्या. नॉझल सिलिंडरमधून काढून आपापल्या नळीलाच ठेवायचे, प्रत्येकाखाली एकसारखी काचेची बाटली, विमान हँगरच्या बाहेर, अर्थिंग लावलेलं, फायर एक्स्टिंग्विशर हाताशी, मिक्श्चर रिच, थ्रॉटल उघडा आणि बूस्ट पंप (पेट्रोलचा विजेवरचा पंप) चालू. थोड्या वेळाने बंद करून चारही बाटल्या शेजारी शेजारी ठेवायच्या. १०० एलएल, म्हणजे विमानाचं पेट्रोल, निळं असतं, त्यामुळे चार निळ्या रेघा एका सरळ ओळीत आल्या की नाहीत ते लांबून पण दिसतं. एक रेघ खाली असली की तो नॉझल अल्ट्रासॉनिक क्लीनरमध्ये. तारेने टोकरू नका हं, ते भोक मापाचं असतं, एकदा मोठं केलं की संपलं. एवढीशी कचऱ्याची कणी निघते आणि त्यासाठी लोक वर्षभर "हे इंजिन लीन होतच नाही" म्हणून बोंबलत असतात.

प्लग पण तेवढेच महत्त्वाचे, पातळ मिक्श्चर पेटवायला ठिणगी दमदार लागते. रेझिस्टन्स ५००० ओहमच्या वर गेलेला प्लग मी परत लावत नाही, रिच बाजूला तो बिचारा चालून जातो पण लीनला लगेच उघडा पडतो. इथे जुहूसारख्या समुद्राला लागून असलेल्या जागी उभ्या राहिलेल्या विमानांत खारट हवेने हार्नेसची (प्लगला जाणाऱ्या वायरींची) टोकं पण खराब होतात, ती कोणी बघत नाही.

हे झालं नॉझलवाल्या इंजिनांचं, कार्ब्युरेटरवाल्यांचं नशीब थोडं वेगळं, पेट्रोल एकाच जागी सुटतं आणि मग चार पाइपात वाटलं जातं, त्यामुळे वाटणी नेहमी कमीजास्तच. पण थ्रॉटल पूर्ण उघडं न ठेवता किंचित मागे घेतलं आणि थोडी कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा) दिली तर हवा घुसळते, पेट्रोल नीट मिसळतं आणि बऱ्याच वेळा थरथर निम्मी होते.

बरं, लीन बाजूचा अजून एक फायदा, पॉवर थेट फ्युएल फ्लोवरून कळते. ८.५ ला १ कॉम्प्रेशन रेशोच्या इंजिनाला ताशी एक गॅलनमागे साधारण १५ हॉर्सपॉवर. १८० हॉर्सपॉवरचं इंजिन ७.८ गॅलनवर चाललंय म्हणजे ११७, बरोबर ६५ टक्के. चार्ट उघडायची गरजच नाही.

भाच्याला मात्र मी सांगितलं की तुझ्या विमानात ईजीटीचा एकच काटा आहे, तो एकाच सिलिंडरचं दाखवतो, बाकीचे तीन कुठे आहेत ते तुला कळणार नाही, त्यामुळे पीकच्या पलीकडे जायचं नाही आणि हँडबुकात जे लिहिलंय तेच करायचं. थरथरलं की थोडं रिच कर, आणि खाली उतरल्यावर इन्स्ट्रक्टरशी वाद घालण्यापेक्षा कुठल्या उंचीला, कुठल्या आरपीएमला, किती फ्लोला थरथरलं ते नीट लिहून तिथल्या इंजिनिअरला दे. नुसतं "इंजिन रफ" लिहिलंस तर तो प्लग पुसून विमान परत देईल, मी पण तेच केलं असतं.