अय्यो पापम

रात्री साडेअकरानंतर आमच्या घरात फायटिंग सुरू होते, आवाज न करता. बायको झोपलेली असते, मुलीची सकाळची शाळा असते, आणि माझ्या इयरफोनचा डावा कान गेल्या दिवाळीपासून मुका आहे. उजवा परवा वॉशिंग मशीनमधून निघाला. त्यामुळं मोबाईल छातीवर उभा करायचा, आवाज पार बंद करायचा आणि हाणामारी बघायची. पिच्चर आधी सहा-सात वेळा बघून झालेला असतो, त्यामुळं कोण कुणाला का मारतोय हा प्रश्नच नसतो.

आवाज गेला की एक गंमत होते. ठोसा लागतच नाही. हिरोची मूठ समोरच्याच्या हनुवटीपासून चांगली वीतभर लांबून जाते आणि तरी तो गर्रकन फिरून टेबलावर, टेबलावरून बाटल्यांवर, बाटल्यांवरून फरशीवर. कॅमेरा खांद्यामागं ठेवलेला असतो म्हणून मधली फट दिसत नाही, आणि उरलेलं काम ‘ढिशुम’ करतं. ते काढून घेतलं की स्वच्छ कळतं : मारणाऱ्यानं नुसता हात फिरवलाय, ठोसा खरा केलाय तो खाणाऱ्यानं. मान कुठल्या बाजूला झटकायची, गुडघा कधी सोडायचा, सगळा हिशोब त्याचा. जरा आधी पडला तर हसं, जरा उशिरा पडला तर परत पहिल्यापासून.

हे मला कळायला चाळिशी उलटावी लागली. सोलापुरात साखर पेठेतल्या एका बाईला ते १९८९ सालीच ठाऊक होतं.

माझ्या वर्गमित्राची आई. आम्ही सगळेच तिला अम्मा म्हणायचो. पुढच्या खोलीत दोन माग, मागच्या खोलीत टीव्ही. माग चालू असले की टीव्ही असून मुका. आणि बंद असले तरी माझ्यासाठी मुकाच, कारण भाड्याच्या व्हीसीआरवर लागायचे ते तेलुगू पिच्चर. म्हणजे आवाजाविना फायटिंग बघायची सवय मला तेव्हापासूनची.

अम्मा भिंतीला टेकून विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी मापानं कापलेली पानं. एक पान उचलायचं, चिमूटभर तंबाखू आडवी पसरायची, वळायचं, दोरा गुंडाळायचा, नखानं तोंड दुमडायचं. हजार विड्यांमागं मजुरी, त्यामुळं हात थांबवणं परवडणारं नव्हतं. नजर मात्र पडद्यावरच्या हिरोवर, चिरंजीवीवर. तो दहाजणांना उडवायला लागला की आम्ही पोरं शिट्ट्या मारायचो आणि अम्मा दर माणसागणिक म्हणायची, “अय्यो पापम.” हातातली विडी पुरी, माणूस खाली, अय्यो पापम. पुढची विडी, पुढचा माणूस.

मला वाटायचं, मारामारी म्हणजे पाप, असं ती आम्हाला बजावतेय. दोनेक वर्षं मी शिट्टी मारून झाल्यावर मनातल्या मनात सिद्धेश्वराची माफी मागत होतो. शेवटी मित्राला विचारलं.

“पाप न्हाई बे. पापम म्हंजे बिचारा.”

“चिरंजीवी?”

“त्याला काय धाड भरली? जो पडला तो.”

नंतर थिएटरात जायला लागलो तेव्हा हाच मित्र माझा दुभाष्या. कानाशी लागून प्रत्येक डायलॉगचं मराठी करायचा, आणि फायटिंग सुरू झाली की गप्प बसून खारे शेंगदाणे खायचा. त्याच्या त्या गप्प बसण्यात मोठा आराम होता. आमच्या रांगेत घरी तेलुगू बोलणारे, कन्नड बोलणारे, माझ्यासारखे मराठी बोलणारे. प्रेमप्रसंगात निम्मी रांग चुळबुळ करायची, आईच्या आजारपणात उरलेली निम्मी. पण फायटिंगची दहा मिनिटं अख्खं सोलापूर एका भाषेत. शिवी तेवढी प्रत्येकानं आपापल्या घरची वापरायची.

आजकाल मी टॉवेलच्या एका पेढीवर हिशोब आणि डिस्पॅच बघतो. दिवसभर गाठी मोजायच्या, ट्रान्सपोर्टवाल्याशी वाद घालायचा. हिरोपणाला वाव नाही. मार खायला भरपूर आहे. माल पोचला नाही तर मी, पोचला आणि रंग निघाला तरी मीच. कदाचित त्यामुळं असेल, पण अलीकडं माझी नजर हिरोवर ठरत नाही. ती पडणाऱ्याबरोबर खाली जाते.

‘शोले’तला टांग्याचा पाठलाग घ्या. १९७५ पासून लोक बसंती आणि धन्नोचं कौतुक करत आलेत. त्यातले अंगावर येणारे क्षण हेमामालिनीसाठी रेश्मा पठाण या बाईंनी केले, आणि टांगा उलटला तेव्हा त्यांना चांगलीच दुखापत झाली. त्यांच्यावर पिच्चर निघायला २०१९ उजाडलं. आता तो पाठलाग लागला की मी चेहरा बघत नाही, लगाम धरलेले हात बघतो.

जॅकी चॅनचा म्हणून मला ओढा. तो मारतो त्याच्यापेक्षा जास्त पडतो, आणि पिच्चर संपल्यावर नावांबरोबर फसलेले प्रयत्नही दाखवतो. १९८३ च्या ‘प्रोजेक्ट ए’मध्ये तो घड्याळाच्या मनोऱ्यावर काट्याला लोंबकळतो, हात सुटतो, आणि दोन कापडी छतं फाडत खाली आदळतो. तो प्रसंग लागोपाठ दोनदा दाखवलाय. पहिल्यांदा बघितला तेव्हा श्वास अडकला होता. आता धंद्याची सवय. मनात येतं, ते कापड किती जीएसएमचं, म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅमचं असेल? जरा जाड असतं तर झेललं असतं, जरा विरळ असतं तर थेट फरशी. कुणीतरी ते निवडलं असणार. त्या कुणातरीचं नावही पडद्यावरून गेलं असेल, आपण तोवर चपला शोधत होतो.

आणि मग ‘कुली’. २६ जुलै १९८२, बंगळूरचं शूटिंग, पुनीत इस्सरबरोबरची फायटिंग, आणि अमिताभच्या पोटाला टेबलाचा कोपरा लागला. पिच्चरमध्ये तिथं चित्र थांबतं आणि इथं दुखापत झाली असं लिहून येतं. तेवढा एकच ठोसा मी बघितलाय ज्याला ‘ढिशुम’ची गरज नाही. अमिताभसाठी देशभर नवस झाले. मारणाऱ्याचं काय? त्याचा दोष नव्हता असं अमिताभनं म्हटलं, तरी हातची कामं गेली, हे पुनीत इस्सरनं स्वतः मुलाखतींत सांगितलंय. पुढं टीव्हीवर तोच दुर्योधन झाला. मांडी फुटून पडला त्या रविवारी अम्माच्या घरात माग बंद होते आणि सूपही बाजूला ठेवलेलं होतं. तिनं काय म्हटलं असेल ते सांगायला नको.

हल्लीच्या पिच्चरचं माझं जमत नाही. एका लाथेत माणसं पतंगासारखी वर जातात आणि पडतात तेव्हा धूळसुद्धा नीट उडत नाही. कॉम्प्युटरवर पडणाऱ्याला कुठं लागत असेल? मुलगी म्हणते, “बाबा, तुम्हाला कुणाला तरी लागलेलंच पाहिजे का?” हा प्रश्न अवघड आहे. मी दूध प्यायला लावून विषय बदलतो.

गेल्या महिन्यात पाण्याचा दिवस होता. सोलापुरात पाण्याचा दिवस म्हणजे काय हे बाहेरच्याला सांगून कळत नाही. पाच दिवसांचं पाणी पहाटेच्या दीड-दोन तासांत घरात घ्यायचं असतं. मोटार लावलेली, पाइप जिन्यावरून गच्चीतल्या बॅरलमध्ये. मी अंधारात बादली घेऊन उतरत होतो आणि चौथ्या पायरीवर पाइपवर पाय पडला. इतक्या वर्षांचा अभ्यास. हनुवटी छातीला लावायची, अंग सैल सोडायचं, खांद्यावरून लोळण घ्यायची, सगळं पाठ. मी सरळ उजव्या हातावर बसलो. ढिशुम नाही, काही नाही. ओली चादर दगडावर आपटावी तसा आवाज.

आतून बायको ओरडली, “पाणी सांडलं का?”

मनगटाला प्लास्टर, तीन आठवडे. संध्याकाळी मित्र आला. अम्मा आता विड्या वळत नाही, बोटं सरळ होत नाहीत. गुडघ्यांमुळं बाहेरही पडत नाही. त्यानं व्हिडिओ कॉल लावून मोबाईल माझ्यासमोर धरला. मी गळ्यातला हात नीट दिसेल असा पुढं केला, चेहरा जमेल तितका पाडला आणि वाट बघत बसलो.

अम्मानं चष्मा वर केला, निरखून बघितलं, मित्राकडून सगळी हकिकत तेलुगूतून ऐकली. मग तोंडाला पदर लावून हसायलाच लागली. काहीतरी म्हणाली. मित्रही हसला.

“काय म्हणाली बे?”

“म्हणाली, एवढे पिच्चर बघून ह्याला पडायला पण येईना.”